हरि नारायण आपटे : पात्रनिर्मितीच्या अंगाने एक चरित्र

एखाद्या लेखकाचे नाव वाङ्मयेतिहासात एका सामाजिक चळवळीशी पक्के जोडले गेले की त्याच्या कलेचा विचार मागे पडतो. हरि नारायण आपटे यांच्या वाट्याला हेच आले आहे. मराठीबाहेरील अभ्यासकांना ते परिचित असतात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बालविवाह, केशवपन आणि स्त्रीशिक्षण हे प्रश्न कादंबरीत आणणारे लेखक म्हणून. हा परिचय चुकीचा नाही. परंतु हेच प्रश्न त्या काळी निबंधांत, वृत्तपत्रांत, सभांत आणि न्यायालयांतही मांडले जात होते. त्यांतील बहुतेक लेखन आज केवळ इतिहासाचे साधन म्हणून वाचले जाते. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी मात्र तिच्यातील यमूसाठी अजून वाचली जाते. असे का व्हावे? मराठी वाचक ज्यांना जिव्हाळ्याने हरिभाऊ म्हणतात त्या लेखकाच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर कितपत सापडते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

उत्तराची दिशा आरंभीच सांगून ठेवावी. हरिभाऊ सुधारणेच्या पक्षाचे होते आणि आपल्या पात्रांचे हित कशात आहे हे आपल्याला कळते, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्या ठिकाणी त्यांनी हे अधिकचे ज्ञान बाजूला ठेवले आणि पात्राला त्याच्या स्वतःच्या समजुतीने जगू व बोलू दिले, त्या ठिकाणी माणूस उभा राहिला. जेथे ते त्यांच्याने झाले नाही, तेथे मताचा पुतळा उभा राहिला. त्यांच्या सुमारे पस्तीस वर्षांच्या लेखनात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आढळतात, आणि म्हणूनच ते लेखन पात्रनिर्मितीच्या अभ्यासाला विशेष उपयोगी आहे.

१

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. बालपणीच मातृवियोग घडला. पुढे मुंबईत आणि १८७८ पासून पुण्यात ते वाढले ते काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या छत्राखालच्या एकत्र कुटुंबात. काका वकिलीत यशस्वी झालेले, आणि संस्कृत विद्येविषयी मोठी आस्था असलेले गृहस्थ होते. प्राचीन हस्तलिखितांचा संग्रह आणि संस्कृत ग्रंथांचे प्रकाशन यांसाठी पुण्यातील आनंदाश्रम ही संस्था त्यांनीच १८८८ मध्ये स्थापिली. अनेक बिऱ्हाडांचा, अनेक पिढ्यांचा, माजघर आणि ओसरी यांच्यातील अंतर काटेकोरपणे पाळणारा वाडा हे हरिभाऊंचे पहिले आणि कायमचे निरीक्षणस्थान ठरले. आई नसलेल्या मुलाला अशा घरात आजी, काकू, आत्या यांच्या बोलण्यात बराच काळ राहावयास मिळते. त्यांच्या कादंबऱ्यांतील बायकांच्या संभाषणाची जातकुळी पाहिली की हा काळ वाया गेला नाही असे म्हणावेसे वाटते.

पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना १८८० मध्ये झाली. तेथे विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या सान्निध्यात हरिभाऊंचे शालेय शिक्षण झाले. १८८३ मध्ये ते प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे डेक्कन आणि फर्ग्युसन या दोन्ही महाविद्यालयांत ते शिकले, परंतु गणिताने त्यांना पदवीपर्यंत पोहोचू दिले नाही. इंग्रजी आणि संस्कृत वाचन मात्र अखंड चालू होते. आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' या नावाने केलेले भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरील या विद्यार्थ्याने 'निबंधचंद्रिका' मासिकात त्यावर प्रदीर्घ परीक्षण लिहिले. आपल्याच गुरुजनांपैकी एकाच्या ग्रंथाचे असे परीक्षण करण्यात धाडस होतेच. कादंबरीकाराच्या घडणीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, कादंबरीची एक ओळही प्रसिद्ध होण्यापूर्वी हरिभाऊंनी जगातील एका अत्यंत गुंतागुंतीच्या पात्राची भाषा शब्द लावून पाहिली होती. नाटकातील मनुष्य त्याच्या तोंडच्या शब्दांपलीकडे कोठेही नसतो. हा धडा त्यांना येथे मिळाला असावा.

२

त्या वेळी मराठी कादंबरीची स्थिती काय होती? बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये आले होते. त्यात यमुना आपल्या पतीसह प्रवास करते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या करुण स्थितीचे दर्शन वाचकाला घडते. पुस्तक विलक्षण प्रामाणिक आहे, पण त्यातील विधवा ही बहुधा एकेक उदाहरण असते. तिचे दुःख सांगून झाले की प्रवासी पुढे निघतात, आणि शेवटी ग्रंथकर्त्याच्या धर्मश्रद्धेने यमुनेचा प्रश्न सुटतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१ मधील 'मुक्तामाला'पासून सुरू झालेल्या अद्भुत कथांत सद्गुणी आणि दुर्गुणी अशी दोनच जातींची माणसे आढळतात. रा. भि. गुंजीकरांनी १८७१ मध्ये 'मोचनगड' लिहून इतिहासाला कादंबरीचे दार उघडून दिले. थोडक्यात, विषय होते, प्रसंग होते, कथानके होती. ज्याच्या घरचा पत्ता विचारावासा वाटेल असा माणूस मात्र अद्याप आला नव्हता.

हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' ही १८८५ पासून 'पुणे वैभव' या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिचा सांगाडा रेनल्ड्स या इंग्रजी लेखकाच्या लंडनविषयक कादंबरीवरून घेतलेला होता. रेनल्ड्स हा त्या काळी साऱ्या भारतात वाचला जाणारा लेखक होता. मराठीप्रमाणेच अन्य भारतीय भाषांच्या कादंबरीवरही त्याची छाया पडलेली दिसते. परंतु कथानक लंडनहून आणता आले तरी माणसे आणता येत नाहीत, हे हरिभाऊंना लिहिता लिहिताच उमगले असावे. जुने सुटले आहे आणि नवे नीट हाती आलेले नाही अशा अवस्थेतील पुणेकर तरुण, त्यांची व्यसने आणि त्यांच्या घरांतील घुसमट हे जेथे येते, तेथे कादंबरी एकदम ओळखीच्या आवाजात बोलू लागते. पुढच्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' असे साधे सामाईक नाव दिले. अद्भुताकडे पाठ फिरवून शेजारच्या घराकडे तोंड केल्याची खूण त्या नावात आहे.

१८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि ते १९१७ पर्यंत चालविले. 'केसरी' राजकारणासाठी होता आणि १८८८ पासून आगरकरांचा 'सुधारक' समाजसुधारणेच्या वादासाठी होता. 'करमणूक' घरात वाचले जावे, माजघरापर्यंत जावे, त्याने मन रमवावे आणि नकळत शहाणेही करावे, अशी संपादकाची दृष्टी होती. कथा, चरित्रे, शास्त्रीय माहिती आणि कविता यांना त्यात जागा होती. केशवसुतांच्या कवितांना आश्रय देणाऱ्या मोजक्या नियतकालिकांत त्याची गणना होते.

साप्ताहिकाच्या या चौकटीचा पात्रनिर्मितीशी निकटचा संबंध आहे. क्रमशः लेखनाचे तोटे प्रसिद्धच आहेत. पाल्हाळ होतो, पुनरुक्ती होते, कथानक ढिले पडते. हरिभाऊंच्या लेखनात हे सर्व दोष आहेत. परंतु आठवड्यामागून आठवडा एकाच घरात परत जाणाऱ्या वाचकाला त्या घरातील माणसांची सवय होते. लेखकालाही होते. काही विशेष न घडणारे दिवस लिहावे लागतात, आणि माणसाची खरी ओळख बहुधा अशाच दिवसांत पटते. घडामोडीत माणूस काय करतो हे कोणत्याही कथेत दिसते. मंगळागौरीच्या तयारीत, जेवणाच्या पंगतीत, सासूच्या एका शब्दानंतरच्या मुकाट्यात तो काय करतो, यासाठी जागा लागते. ती जागा 'करमणूक'ने दिली.

३

'पण लक्षात कोण घेतो' १८९० ते १८९३ या काळात क्रमशः लिहिली गेली. तो काळ ध्यानात घ्यावयास हवा. रखमाबाईंच्या खटल्याने नुकतेच साऱ्या देशाचे लक्ष वेधले होते. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन १८९० मध्ये पुण्यास आले होते. १८९० मध्येच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि त्यावरून पुण्यात तीव्र वाद माजला. अशा वेळी केशवपनावर कादंबरी लिहिणाऱ्याला बाजू मांडण्याचा मोह किती अनावर असेल, याची कल्पना करता येते.

हरिभाऊंनी वेगळा मार्ग घेतला. सारी कथा त्यांनी यमूच्या तोंडी घातली. भातुकली खेळणारी, भावाबरोबर भांडणारी, वडिलांच्या रागाला भिणारी आणि आईचे निमूटपणे सोसणे पाहणारी ही मुलगी लग्न होऊन सासरी जाते. रघुनाथरावांच्या सहवासात ती वाचू-लिहू लागते. मुंबईच्या बिऱ्हाडात थोडे मोकळे दिवस अनुभवते. पतीच्या मृत्यूनंतर शंकर मामंजींच्या सत्तेखाली परतते आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते. कथानक म्हणून यात अनपेक्षित असे काही नाही. त्या काळच्या वाचकाला शेवट दुरूनही दिसत असणार. तरीही कादंबरी वाचकाला धरून ठेवते, आणि तिची कारणे तपासून पाहता येण्यासारखी आहेत.

पहिले कारण निवेदनाच्या मर्यादेत आहे. सांगणारी यमू सारे भोगून झालेली स्त्री आहे, पण बालपण सांगताना ती बालपणाच्या समजुतीला धक्का लावीत नाही. लहान यमूला घरातील अन्याय हा अन्याय म्हणून दिसत नाही. वडिलांचा राग तिला पावसापाण्यासारखा वाटतो. तो येतो, आणि येईल तेव्हा आडोसा शोधायचा. बालविवाहाला विरोध असलेल्या लेखकाने लग्नाच्या गमतीने हरखून गेलेली मुलगी रंगवावी, तिचा आनंद खरा मानावा आणि त्यावर आपले भाष्य लादू नये, हा संयम सामान्य नाही. वाचकाला जे कळते ते यमूला कळत नाही. या दोन समजुतींमधील अंतरातच कादंबरीची करुणा साठलेली आहे.

दुसरे कारण भाषेत आहे. यमू पुण्याच्या ब्राह्मणी घरातील बायकांची मराठी बोलते. म्हणी, अर्धवट सोडलेली वाक्ये, नाव न घेता केलेले उल्लेख आणि नात्यांच्या नावांतच दडलेला मान-अपमान ही त्या मराठीची सामग्री आहे. निबंधाची पल्लेदार वाक्यरचना, जी हरिभाऊंना उत्तम अवगत होती, तिच्यापासून ही भाषा कितीतरी दूर आहे. तिसरे कारण पात्रांच्या मांडणीत आहे. यमूची मैत्रीण दुर्गी ही दुष्ट नवऱ्याच्या हाती सापडते, यमूला सुजाण नवरा मिळतो. दोघी एकाच वाड्यासंस्कृतीच्या लेकी आहेत. दुर्गीच्या दुःखाला नवऱ्याचा स्वभाव कारण आहे असे म्हणून वाचक सुटू पाहतो, तोच यमूच्या वाट्याला आलेले सुखही एका माणसाच्या श्वासावर अवलंबून होते हे त्याला दिसते. शंकर मामंजी क्रूर आणि दांभिक आहेत, पण त्यांची सत्ता एकट्याच्या दुष्टपणावर उभी नाही. घरातील अनेकांची मूक संमती तिच्यामागे आहे. खलपुरुष काढून टाकला तर प्रश्न सुटला, असे समाधान कादंबरी देत नाही.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाला हा आवाज कोठून मिळाला? या संदर्भात काशीबाई कानिटकरांचे नाव आदराने घेतले पाहिजे. १८६१ मध्ये जन्मलेल्या काशीबाई लग्नानंतर स्वतःच्या जिद्दीने वाचावयास शिकल्या आणि मराठीतील आरंभीच्या स्त्री-लेखकांत त्यांनी मानाचे स्थान मिळविले. त्यांचे पती गोविंद वासुदेव कानिटकर हे स्वतः लेखक आणि हरिभाऊंचे मित्र होते. कानिटकरांच्या घरी हरिभाऊंची सतत ये-जा असे. काशीबाईंच्या आठवणींतून असे दिसते की, स्त्रियांच्या जगाविषयी हरिभाऊ त्यांच्याशी चर्चा करीत आणि लिहिलेले त्यांना ऐकवीत. परस्त्री-पुरुषांच्या अशा वाङ्मयीन मैत्रीकडे त्या काळचे पुणे सहजपणे पाहत नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संवादाचे मोल कळते. यमूचा आवाज ही केवळ एका पुरुषाच्या प्रतिभेची देणगी नव्हे. एका स्त्रीच्या अनुभवाने आणि कानाने तो पारखून घेतलेला आहे. पात्राची विश्वसनीयता ही लेखकाच्या खोलीत एकांतात सिद्ध होते, या समजुतीला हे उदाहरण मोठा छेद देते.

त्याबरोबर हेही नमूद केले पाहिजे की, स्त्रीचा आवाज मराठीत हरिभाऊंनी प्रथम आणला असे नाही. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्येच छापून प्रसिद्ध केली होती. तिच्यात थेट वाद आहे, संताप आहे. यमू वाद घालत नाही, ती सांगत जाते. वादाला प्रतिवाद करता येतो. सांगणाऱ्या बाईला उत्तर काय द्यावयाचे, हा प्रश्न वाचकापुढे उरतो आणि कादंबरीचे नाव त्याच प्रश्नाकडे बोट दाखविते.

समकालीन भारतीय साहित्याशी तुलना केली तर हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. बंकिमचंद्रांच्या १८७३ मधील 'इंदिरा'तही स्त्रीच स्वतःची कथा सांगते. तेथे तिच्या चातुर्याचा आणि विनोदाचा खेळ आहे, आणि शेवटी गमावलेले परत मिळते. चंदू मेनन यांची 'इंदुलेखा' १८८९ मध्ये मलयाळममध्ये आली. तिची नायिका सुशिक्षित, बाणेदार आणि आपला निर्णय आपण घेणारी आहे. गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या 'सरस्वतीचंद्र'चा पहिला भाग १८८७ मध्ये निघाला. त्यातील कुमुद ही दुःखातून उदात्ततेकडे जाते. यमूला विनोदाचे संरक्षण नाही, इंदुलेखेचे स्वातंत्र्य नाही आणि कुमुदेची उदात्तताही नाही. लेखक तिला कोणत्याच मार्गाने वाचवीत नाही. सुधारकाला हे फार जड गेले असणार, कारण नायिकेचा पुनर्विवाह लावून देणे त्याच्या हातात होते.

४

'करमणूक'मध्येच १८९३ ते १८९५ या काळात 'मी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हीही आत्मनिवेदनपर आहे. भावानंद आपल्या जीवनाची कथा सांगतो. संसार बाजूला सारून लोकसेवेला वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांची कल्पना या कादंबरीत येते, आणि १९०५ मध्ये गोखल्यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे हे पूर्वचित्र आहे असे अनेकांनी म्हटले आहे. हरिभाऊ रानडे-गोखले यांच्या विचारपरंपरेतील होते, त्यामुळे हा योगायोग निष्कारण नाही. पण कादंबरी म्हणून तिचे मोल ठरविताना तिचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात. हूड, हट्टी, बहिणीवर जीव असलेला मुलगा असा लहानपणीचा भाऊ आणि सासरच्या यातनांतून स्वतःला सावरून उभी राहणारी त्याची ताई ही दोन पात्रे यमूच्या तोलाची आहेत. भाऊचा भावानंद झाला, त्याचे गुरू शिवरामपंत उपदेश करू लागले, की आवाज बदलतो. त्यांचे विचार पटण्यासारखे असतील, पण ते विचार मनात येण्यापूर्वी या माणसाला काय काय सोडावे लागले याचा हिशेब अपुरा राहतो. येथे लेखकाचे ज्ञान पात्राच्या ज्ञानापुढे धावते.

१८९२ मध्ये आरंभिलेल्या 'यशवंतराव खरे' या कादंबरीतील यशवंत हा याच्या उलट टोकाचा आहे. मानी, तापट आणि चुकीच्या समजुतींनाही इमानाने चिकटणारा हा मुलगा सुधारकी मतांचा नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तो मनात ठसतो. ही कादंबरी अपुरी राहिली. 'गणपतराव' अपुरी राहिली. पुढे 'कर्मयोग'ही तशीच राहिली. या अपूर्णतेची व्यावहारिक कारणे उघड आहेत. एकाच वेळी दोन दोन कादंबऱ्या चालू असत आणि संपादनाचा भार त्याहून निराळा होता. परंतु जिवंत झालेल्या पात्राला कोठे न्यावयाचे हे लेखकाच्या मतांवरून ठरविता येत नाही, ही अडचणही त्यामागे असू शकेल. यमूच्या बाबतीत समाजानेच शेवट लिहून ठेवला होता. यशवंताचा शेवट त्या काळच्या समाजालाही ठाऊक नव्हता.

ऐतिहासिक कादंबरीत ही कसोटी वेगळ्या स्वरूपात येते. 'उषःकाल' १८९५ ते १८९७ या काळात प्रसिद्ध झाली. स्वराज्याच्या उदयाची ही कथा, पण तिचा प्राण शिवाजीमहाराजांच्या चित्रात जितका आहे तितकाच रंगराव आप्पांच्या चित्रात आहे. विजापूरच्या दरबाराचे मीठ खाल्लेले हे वृद्ध किल्लेदार आपल्या निष्ठेपासून ढळत नाहीत. मुलगा नानासाहेब नव्या स्वराज्याकडे ओढला जातो. वाचकाची सहानुभूती मुलाच्या बाजूला असणार, हे लेखकाला ठाऊक आहे. तरीही बापाच्या स्वामिनिष्ठेला तो हास्यास्पद करीत नाही. ज्या बाजूचा पराभव व्हावयाचा आहे तिच्याही माणसाला त्याची प्रतिष्ठा द्यावयाची, हा धडा पुण्याच्या वाड्यात शिकलेला होता आणि सुलतानगडावर तो कामी आला. 'चंद्रगुप्त' ही १९०२ ते १९०४ मधील कादंबरी नंदांच्या पाटलिपुत्रात घडते. तेथेही चाणक्याच्या कारस्थानापेक्षा सूडाची इच्छा आणि पतीविषयीची ओढ यांच्या कात्रीत सापडलेली मुरादेवी अधिक स्मरणात राहते. 'वज्राघात'मध्ये ते विजयनगरच्या पाडावाकडे वळले. महाराष्ट्राबाहेरच्या इतिहासात त्यांना गोडी होती, पण तेथेही त्यांनी शोधली ती घरे आणि त्यांतील नाती.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०२ मधील 'कादंबरी' या निबंधात अद्भुताची बाजू उचलून धरली आणि वास्तवाच्या चित्रणाकडे काहीशा साशंकतेने पाहिले. मराठी समीक्षेत हा वाद दीर्घकाळ चालला. आज मागे वळून पाहता असे वाटते की, हरिभाऊंची खरी शक्ती या दोन्ही संज्ञांत बसत नाही. पुण्यातील वास्तव असो वा विजापूरचा इतिहास, एखाद्या माणसाला त्याच्या बाजूने पाहता आले की ती शक्ती प्रकट होते.

५

१८९४ मध्ये काकांचे निधन झाले आणि आनंदाश्रमाची धुरा हरिभाऊंकडे आली. पुढील पंचवीस वर्षे वेदान्त, मीमांसा, धर्मशास्त्र, आयुर्वेद अशा विषयांवरील संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर प्रकाशक म्हणून त्यांचे नाव झळकत राहिले. विधवेच्या केशवपनाविरुद्ध मराठीत सर्वांत परिणामकारक कादंबरी लिहिणारा लेखक दुसऱ्या खोलीत स्मृतिग्रंथांची मुद्रिते पाहत होता. हा विरोधाभास वरवरचा आहे असे म्हणवत नाही, पण तो त्यांच्या घडणीला साजेसा आहे. ज्या परंपरेतून यमूला छळणारे नियम आले ती परंपरा त्यांना परकी नव्हती. तिची भाषा त्यांना येत होती, तिचे विद्वान त्यांच्या घरी येत होते. रंगराव आप्पांना न्याय देणारी दृष्टी येथूनच मिळाली असणे शक्य आहे.

सार्वजनिक जीवनातही त्यांनी वाटा उचलला. पुणे नगरपालिकेचे ते सभासद आणि अध्यक्ष होते, नूतन मराठी विद्यालयाच्या कामात त्यांचे लक्ष असे. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मोलिएरच्या प्रहसनांची रूपांतरे त्यांनी केली, रवींद्रनाथांची 'गीतांजली' मराठीत आणली. मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत मराठी भाषेच्या उगमाविषयी आणि विकासाविषयी त्यांनी व्याख्याने दिली. केशवसुत १९०५ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या विखुरलेल्या कविता एकत्र करून हरिभाऊंनी १९१७ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच वर्षी 'करमणूक' बंद पडले. ३ मार्च १९१९ रोजी पुणे येथे हरिभाऊंचे निधन झाले. पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस उरले होते.

६

कादंबरीतील पात्र विश्वसनीय आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा निकष काय? समकालीन वाचकाला ते ओळखीचे वाटले, एवढे पुरेसे नाही. यमूच्या बाबतीत इतिहासाने एक अधिक कठोर परीक्षा घेतली. हरिभाऊंनी स्त्रीचे काल्पनिक आत्मचरित्र लिहिले त्या वेळी मराठीत खऱ्या स्त्रियांची आत्मचरित्रे जवळजवळ नव्हती. ती नंतर आली. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० मध्ये, पार्वतीबाई आठवले यांची कहाणी १९२८ मध्ये, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ मध्ये. पार्वतीबाई आणि आनंदीबाई यांनी वैधव्य प्रत्यक्ष भोगले होते. या ग्रंथांचा वाचक यमूकडे परत वळतो तेव्हा ती खोटी पडत नाही. माजघरातील सत्तेचे व्यवहार, शिकण्याची चोरटी हौस, नवऱ्याच्या सुजाणपणावर टांगलेले सुख, हे सारे तसेच होते अशी साक्ष पटते.

परंतु याच ग्रंथांनी यमूची एक मर्यादाही दाखवून दिली आहे. या खऱ्या स्त्रिया हसतात, थट्टा करतात, संतापतात आणि मुख्य म्हणजे तगून राहतात. लक्ष्मीबाईंचा विनोद किंवा आनंदीबाईंचा चिवटपणा यमूत फारसा नाही. करुणेला जितकी स्त्री हवी होती तितकीच हरिभाऊंनी पूर्णपणे ऐकली, असे म्हणावे लागते. त्यांच्या जगाच्या दुसऱ्या मर्यादाही आज लपत नाहीत. 'आजकालच्या गोष्टीं'चे आजकाल हे मुख्यतः पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा ब्राह्मण घरांचे आहे. त्याच पुण्यात जोतीराव फुले १८९० पर्यंत हयात होते, आणि त्यांनी ज्या माणसांविषयी लिहिले ती माणसे या कादंबऱ्यांत दाराशी येऊन परत जातात. ज्या घरात लेखक ऐकत बसला होता त्या घराबाहेरचे आवाज त्याने त्याच कानाने ऐकले नाहीत. पात्रनिर्मितीची त्यांची रीत पाहता हे अपरिहार्य होते. ऐकल्यावाचून लिहिता येत नाही अशी ज्याची प्रकृती, त्याच्या पात्रांची सीमा त्याच्या ऐकण्याच्या सीमेपाशीच संपणार.

भारतीय कादंबरीच्या तुलनात्मक अभ्यासात आरंभकाळाचा विचार बहुधा पाश्चात्त्य प्रभाव, मुद्रणसंस्कृती आणि समाजसुधारणा या तीन मुद्द्यांभोवती फिरतो. हरिभाऊंच्या चरित्रात तिन्ही आहेत. रेनल्ड्स आहे, 'करमणूक' आहे, संमतिवयाचा कायदा आहे. या तिहींपैकी एकानेही यमूचा उलगडा होत नाही. त्यासाठी कानिटकरांच्या घरातील त्या संभाषणांकडे जावे लागते, ज्यांत एक लेखक आपला मजकूर वाचून दाखवीत होता आणि ज्यांच्याविषयी तो लिहीत होता त्यांच्यापैकी एक स्त्री तो तपासून घेत होती. अन्य भारतीय भाषांतील आरंभीच्या स्त्रीपात्रांमागे अशी कोण कोण माणसे उभी होती, त्यांची नावे आपल्या वाङ्मयेतिहासांत कितपत आली आहेत, हे शोधण्याचे काम मोठे आहे. काशीबाईंचे लेखन आणि त्यांच्या आठवणी उपलब्ध आहेत, म्हणून मराठीत तरी त्याला आरंभ करता येतो.